चाळीस घरं, आजारी कोणी नाही

४ मे, सोमवार. धानोऱ्याजवळ.
चाळीस घरं संपली. आजारी: शून्य. सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजातून बिनपगारी रजा काढून ‘आरोग्य आणि समाज’मध्ये एम.ए. करायला घेतलं, प्रबंधासाठी गाव निवडलं, आणि अख्खं गाव ठणठणीत निघालं. वर कळलं तर दवाखान्याला कुलूप लावतील.
‘गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होतं का?’ प्रश्न माझाच. मी जिच्याकडे उतरलेय ती रायबाई ‘नाई’ म्हणाली, खोकली, परत ‘नाई’ म्हणाली. मी ‘नाही’वर टिक केली. पेनाने.

५ मे
गावच्या आशा सेविकेला, मीनाला, फॉर्म दाखवले. हसतच सुटली. “मॅडम, इथी आजारी म्हणजे खाट धरली तो. चालून फिरून राह्यला तो कायचा आजारी? काय दुखते, असं विचारा ना!”
दोन सेमिस्टर संशोधनपद्धती शिकले. हे कुठल्या पेपरात होतं? असेल तर मी त्या दिवशी गैरहजर.

६ मे
एक्केचाळिसाव्या घरी ‘काय दुखते’ विचारलं. दीड तास. गुडघा, कंबर, छाती, सासू. जागा संपली, फॉर्मच्या पाठीवर लिहिलं.

८ मे
टेकडी चढून रेंज मिळवली, गाईडला फोन. वय बत्तीस. जंगल पाहिलंय ते लॅपटॉपच्या वॉलपेपरवर.
“मॅडम, मध्येच प्रश्न बदलता येत नाही.”
मग जुन्या चाळीस घरांचं काय, सर?
“नाही म्हणाले ना? निरोगी लिहा. बुधवारी पाचपर्यंत तक्ता आला नाही तर वर्ष गेलं.”
म्हणजे मला एम.ए. व्हायचं तर रायबाईने निरोगी असलं पाहिजे.

९ मे
रायबाईला विचारलं, खोकला कधीपासून? “मोहफुलं वेचाले जात होतो ना, तईपासून.” म्हणजे दीड-दोन महिने! दवाखान्यात चला म्हटलं.
“आता काऊन? तेंदूपत्त्याचे दिवस किती, चारच. दवाखान्यात गेली का बिमार लिहितेत. मंग पानं तोडाले सोबत कोण नेते मले?”
समजावणार होते. काय समजावणार? कागदावर आजारी लिहिल्याने भलं होतं, हे? मी तर तिला निरोगी लिहून बसलेय.

११ मे, सोमवार
रायबाई आली एकदाची दवाखान्यात. खिडकीवरचा माणूस: “काय होते, बाई?”
“काई नाई.”
“मंग आली काऊन?”
मी तोंड घातलं. “तुम्ही कोण?” संशोधक, म्हटलं. त्याने माझ्याऐवजी पंख्याकडे पाहिलं. टीबी तपासायला थुंकीसाठी डबी दिली मात्र. रिपोर्ट गुरुवारी. तक्ता बुधवारी. वा.
बाहेर आल्यावर रायबाई: “तुमच्या कागदावर मी चांगली आहो ना, मॅडम? तसंच राहू द्या जी.”
सर आणि रायबाई, दोघांचं एकमत. मीच एकटी आडवी.

१२ मे
चाळीस ओळींपुढे ‘निरोगी’ लिहवलं नाही. ‘प्रश्न चुकला’ लिहिलं, चाळीस वेळा, शाळेत शिक्षा मिळाल्यासारखं. पाठवलं. तासाभरात उत्तर: ‘हे चालणार नाही. उद्या पाचपर्यंत दुरुस्त करा.’

१३ मे, बुधवार. सकाळ.
रायबाई उजाडायच्या आत बायकांबरोबर पानांना गेली. खोकला रस्ताभर ऐकू येत होता. नाल्यापर्यंत. मग नाल्यापलीकडूनही.
तक्ता उघडलाय. पहिली ओळ रायबाईची: ‘प्रश्न चुकला’. तिच्यावर बोट.