पंगतीच्या यादीतली पहिली सही

९ सप्टें.
सुमतीअक्का आल्या. नणंद म्हणून नाही, नर्स म्हणून. ज्या बाळंतपणाच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली, तो बंद होतोय. लोकांना विचारून ठरवलं म्हणे! कोणाला विचारलं, कधी? माहितीच्या अधिकारात कागद मागितलेत त्यांनी. मी ब्लाउजला हूक लावत मान खाली घालून बसले. चहासुद्धा विचारला नाही.

१२ सप्टें.
आज दोन बाह्या उलट्या जोडल्या. डोक्यात तेच. श्रावणातल्या द्वादशीला विठ्ठल मंदिरात आमच्या भजनी मंडळाची पंगत होती. पानं मोजायला मी दर वेळी नावं लिहून घेते. एक सरकारी ऑफिसवाला आला, गोड बोलणारा. वेगळी यादी कशाला, माझ्या ह्याच कागदावर नावं-सह्या घ्या म्हणाला. दवाखान्याबद्दल दोन वाक्यं बोलला, पण तेव्हा भात वाढत होते, कोण ऐकतंय? पहिली सही मी केली. माझी बघून बाकीच्यांनी धडाधड केल्या.

१८ सप्टें.
कागद आले. तीच पंगतीची यादी, ‘जनतेची सभा’ म्हणून जोडलेली. एक नंबरला मी. दोनला सुनंदा, खालच्या मजल्यावरची. तिच्या सुनेला सातवा लागलाय. दुसरा दवाखाना गाठायचा तर दोन बस बदलायच्या.
अक्का रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, “तू भोळी ग. सुम्ने, उगीच आपली न वाचता सही केलीस.” मी हो म्हटलं. लाज कशी वाटली नाही मला.

२३ सप्टें.
अक्कांनी कन्नडात जबाब लिहून आणला. ‘न वाचता, विश्वासाने सही केली.’ आधी मी सही करायची, मग त्याच कागदावर बाकीच्यांनी. शुक्रवारी डीसी ऑफिसात, म्हणजे कलेक्टर कचेरीत, सुनावणी.
पण मी वाचलं होतं. त्या माणसाचा कागद कन्नडात होता, आणि कन्नड मला मराठीइतकंच वाचता येतं. वर ठळक छापलं होतं, दवाखाना हलवण्याबाबत सभा. वाटलं, काय बिघडतंय, भात गार होतोय...

२४ सप्टें.
अक्कांना सांगून टाकलं. मग म्हणाल्या, “हे तिथे बोललीस तर ते म्हणतील, लोकांना माहीत होतं.” आणि नाही बोलले तर, मी विचारलं. चहा तसाच ठेवून गेल्या. अय्यो, मी हे काय करून बसले.

२५ सप्टें.
जबाब नव्याने लिहिला. मी वाचलं होतं. बाकीच्यांना सांगितलं नाही. त्या सगळ्या पंगतीची यादी समजून सही करत गेल्या. खाली माझी सही.
सुनंदा आली. नेहमीसारखं पेन उचललं, माझ्या नावाखाली टेकवलंसुद्धा. म्हटलं थांब, आधी ऐक. अख्खा कागद वाचून दाखवला.
“वहिनी, तुम्ही वाचलं होतं?”
“हो.”
तिने पेन खाली ठेवलं. सुनेला तपासणीला न्यायचंय म्हणाली आणि गेली.
उद्या अकरा वाजता सुनावणी. दोन नंबरची जागा रिकामी आहे.