खणखणीत आवाज

३ सप्टेंबर

पूर आला तर लष्कराच्या छावणीशी रेडिओवर बोलणार कोण? — ही! माझी बायको! आमच्या हौशी रेडिओ क्लबच्या सेक्रेटरीने भर बैठकीत जाहीर केलं. आणि मी? ‘बॅटऱ्या आणि अँटेना.’ थोडक्यात, हमाल.

हिला परवान्याच्या परीक्षेला बसवलं कुणी? मी. रेडिओ माझा, गच्चीवरचा अँटेना माझ्या हातचा. उभा जन्म या हौसेत घातला, आणि माइक हिच्या हातात!

सेक्रेटरी म्हणतो, “वहिनींचा आवाज खणखणीत आहे हो. छावणीच्या कॅप्टनसाहेबांनीच मागून घेतलंय.”

खणखणीत म्हणे! घरात तर तोंडातल्या तोंडात पुटपुटते.

४ सप्टेंबर

तिच्याशी बोललो नाही. तीही काही बोलली नाही बहुतेक. ओठ हलत होते.

७ सप्टेंबर

खरं कारण कळलं. मागच्या सरावात छावणीतल्या ऑपरेटर मुलीने मला तीनदा पुकारलं म्हणे, आणि मी गप्प! पुकारलं असतं तर उत्तर दिलं नसतं का? रिसीव्हरच रुसलाय. दुपारभर खोलून बसलो. सगळं ठाकठीक. मग स्पीकर गेला असणार. बदलायला हवा.

आमच्या लेकीचा फोन आला. “बाबा, ओरडताय कशाला?” घ्या! आता हीसुद्धा आईच्या बाजूने.

१९ सप्टेंबर

नदी पुलावरून वाहतेय. फोन बंद. टेकडीवरच्या शाळेत आमचं केंद्र मांडलं. मी सकाळपासून गाड्यांच्या बॅटऱ्या काढून जिन्याने वर नेतोय. गुडघे बोंबलतायत. ही खुर्चीत, हातात माइक. कोणत्या गच्चीवर माणसं अडकलीत, ते आपले लोक येऊन सांगतात, ही छावणीला कळवते, तिकडून बोटी सुटतात.

कॅप्टनचा घोगरा आवाज स्पीकरवर मला अगदी स्वच्छ ऐकू आला. जुन्याच स्पीकरवर! कान शाबूत आहेत माझे! म्हटलं, “अगं, ऊठ जरा, पाठ टेक. मी बसतो.” मानेनेच नाही म्हणाली. सगळ्यांदेखत! सेक्रेटरीने लगेच तिच्यापुढे चहा ठेवला आणि मला खूण केली — बॅटरी.

दुपारी एका बाळंतिणीला बाळासकट गच्चीवरून उतरवलं. सगळ्यांनी हिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाळ वाचलं याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण ती बॅटरी माझी होती!

२२ सप्टेंबर

पाणी उतरलं. आज कॅप्टन स्वतः घरी आला. उंचापुरा, तरणाबांड. बुटातला चिखलही रुबाबदार. “ताई, आमची पोरं बोटीत होती, धीर सुटत चालला होता. तुमचा आवाज तेवढा येत होता, त्याच्यावर तरली.” ही लाजली! लग्नात लाजली नव्हती एवढी. माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, नशीबवान आहात. रोज ऐकता.”

तो गेल्यावर मी फुटलोच. “कॅप्टनपुढे खणखणीत, आणि नवऱ्यापुढे पुटपुट! दोन वर्षं हेच चाललंय. घरात नीट बोलायला काय होतं गं तुला?”

तिचे डोळे भरले. मग फोन उचलून कुणाची तरी उद्याची वेळ घेतली. कुणाची, ते सांगितलं की नाही कोण जाणे.

२३ सप्टेंबर

कानाचे डॉक्टर होते. घोगरे आवाज शेवटपर्यंत टिकतात म्हणे. बायकांचे, पोरांचे, बारीक आवाज आधी जातात. म्हणजे घरातला हिचाच गेला, सगळ्यात आधी — आणि मी तिलाच बोल लावत बसलो.

कॅप्टनने तो दिवसभर ऐकला. मी शेवटचा कधी ऐकला, तेही आठवत नाही.