दार शिकत नाही

वाघोली, पुणे
रविवार, ७ मे २००६

आदरणीय बुद्धभूषणमामांना दीपालीचा सविनय जयभीम.

तुमची साखर आता आटोक्यात आली का? मामींनी तुमचा रात्रीचा भात खरंच बंद केलाय, की नुसतं ताट लहान केलंय? रुपालीच्या लग्नाला सहा दिवस राहिले तरी तुम्ही अजून सायकलवरूनच पत्रिका वाटताय, असं आईकडून कळलं. मेहकरचं ऊन मला चांगलं आठवतं. डोक्याला रुमाल बांधत जा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (मी नाही. पण खुशाली आधी लिहायची असते, म्हणून लिहिली.)

मामा, मी एक दार बिघडवलं आहे. म्हणजे ते बिघडलेलं नाही, हीच तर अडचण आहे. पण सुरुवातीपासून सांगते. बाबा कल्याणीनगरला ज्या श्यामसुंदर साहेबांच्या बंगल्यावर वॉचमन आहेत, तिथल्या गॅरेजचं दार विजेवर चालतं. छताला मोटर आहे आणि तिचं रिमोट दोरीला बांधून बाबांच्या गळ्यात असतं. गाडीचा हॉर्न वाजला की बाबा बटण दाबतात, दार वर सरकतं, आणि दर वेळी बाबा असा श्वास सोडतात की बघणाऱ्याला वाटावं, ते त्यांनीच हातांनी उचललं. गेल्या महिन्यात साहेबांनी परदेशातून नवी गाडी मागवली. तिच्या आरशाखाली तीन बटणं आहेत. त्यातल्या एकाला नीट शिकवलं तर गाडीत बसल्या बसल्याच दार उघडतं, निराळं रिमोट लागत नाही. साहेबांनी दोन रविवार पुस्तिका वाचण्यात घालवले, पण जमलं नाही. तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "साहेब, आमची पोरगी कॉम्प्युटरची ग्रॅज्युएट आहे. तिला आणतो."

आता तुम्हीच सांगा, घरात एकच ग्रॅज्युएट असला की त्याचे काय हाल होतात! बिघडलेला मिक्सर माझ्याकडे येतो, बँकेचे फॉर्म माझ्याकडे येतात, आत्याच्या गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा मीच उजेडात धरून बघायचा. (मी म्हटलं, "हाड दिसतंय." तिचं समाधान झालं.) मी बी.एस्सी. आहे, मगरपट्ट्यातल्या कंपनीत मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलंय, आणि तिथे माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. गाडीच्या पुढच्या सीटवर मी जन्मात बसले नव्हते. पण "मला येत नाही" असं म्हणायची मला भीती वाटते. वाटतं, मी तसं म्हटलं की आमच्या गल्लीतला कुणीतरी बाप आपल्या मुलीचं कॉलेज बंद करेल, की बघा, शिकून तरी काय झालं!

तर मी आज सकाळी गेले. भीतीने पहिली चूक अशी केली की चपला काढून गाडीत बसले. साहेब चपलांकडे बघून म्हणाले, "गाडी देवळात उभी आहे का?" पुस्तिकेप्रमाणे बाबांचं रिमोट आरशाजवळ धरून रिमोटचं आणि आरशाखालचं बटण एकदम दाबून ठेवलं, दिवा भराभर लुकलुकायला लागला, इथवर ठीक. मग शिडीवर चढून छताच्या मोटरवरचं एक बटण दाबायचं होतं. त्या बटणाचं नाव 'लर्न', म्हणजे शिका. ते दाबलं की दार फक्त तीस सेकंद शिकायला तयार असतं. मामा, तीस सेकंद! आपल्या घरात शिकायला तयार व्हायला तीन पिढ्या गेल्या. तेवढ्यात मी शिडी उतरायची, अनवाणी पळायचं, गाडीत शिरायचं आणि आरशाखालचं बटण दाबायचं. बाबा एका हाताने शिडी धरून सेकंद मोजत होते. मला जास्त वेळ मिळावा म्हणून ते फार सावकाश मोजत होते, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने अकरा झाले तेव्हाच दाराची मुदत संपली. दुसऱ्यांदा मी शिडीवरून घसरले. दार गाडीच्या टपावर कोसळेल, मग मला जन्मभर त्या टपासाठी राबावं लागेल, असं सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तिसऱ्यांदा बटण दाबून मी डोळे मिटून घेतले. मोटर घरघरली, आणि दार वर गेलं! कुणी हात न लावता, बाबांनी श्वास न सोडता.

साहेबांनी टाळी वाजवली. बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं बाबुराव! आता तुमची सुट्टी!" आणि चहा प्यायला आत गेले.

मामा, माझ्या पायाखालची फरशी सरकली. आमच्या कंपनीत मागच्याच आठवड्यात मॅनेजरने पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला हसत हसत "आजपासून तुझी सुट्टी" असं सांगितलं, आणि तो खोक्यात आपला डबा आणि कॅलेंडर भरून निघून गेला. गळ्यातलं रिमोट काढून बाबांनी दोरी बोटाला गुंडाळली. मला वाटलं, मी हे काय केलं? ज्यांनी उन्हातान्हात उभं राहून मला शिकवलं, त्यांची नोकरी मी माझ्या शिक्षणाने घालवली. यंत्रामुळे माणसाचे कष्ट कमी होतात, असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते. (दुसरा नंबर आला होता.) कष्टांबरोबर पगारही कमी होतो, हे त्या भाषणात नव्हतं.

पुस्तिकेत एक ओळ होती. 'लर्न'चं बटण दिवा विझेपर्यंत दाबून ठेवलं, तर दार शिकलेलं सगळं विसरतं. "एकदा तपासते" म्हणून मी शिडीवर चढले आणि ते दाबून ठेवलं. दिवा विझला. 'सगळं' यात बाबांचं रिमोटही आलं हे नंतर लक्षात आलं, म्हणून घाईघाईने तेवढं परत शिकवलं. साहेब चहा पिऊन आले, गाडीत बसून बटण दाबत राहिले, दार ढिम्म. बाबांनी दाबलं, लगेच वर. मी म्हटलं, "सर, हे दार गाडीकडून शिकत नाही. ते फक्त बाबांचंच ऐकतं." साहेब म्हणाले, "या घरात तसंही माझं कोण ऐकतं? आता दारही त्यांना सामील."

कळावे. मामींना जयभीम, रुपालीला आशीर्वाद मागायचा की द्यायचा ते मला कळत नाही, ती माझ्याहून चारच महिन्यांनी लहान आहे.

आपली भाची,
दीपाली

ता.क. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. तुम्ही बौद्धाचार्य आहात, पंचशील मी तुमच्याच मागे म्हणायला शिकले. खोटं न बोलण्याचं चौथं शील माझ्याकडून मोडलं का? मी "शिकत नाही" म्हटलं, तेव्हा ते खरोखर शिकलेलं नव्हतं. एवढी फट पुरते का, ते कळवा. दोन दिवस जेवण जाईल असं वाटत नाही.

ता.क. २ (सोमवार) साहेबांच्या मॅडमनी आईला फोन केला. बाबांनी त्यांच्याकडे रुपालीच्या लग्नासाठी आठ दिवसांची रजा मागितली होती, आम्हाला न सांगता. दार उघडायला कुणी नाही म्हणून अडलं होतं. साहेबांची सुट्टी म्हणजे खरीखुरी सुट्टी होती! बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगाखालच्या बॅगेत ठेवला होता, तो काल रात्री परत खुंटीला लावला. मला म्हणाले, "जाऊ दे बाई. सगळंच कुणाला येतं?" मामा, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ता.क. ३ (बुधवार) काल जाऊन साहेबांना सगळं खरं सांगितलं. ऐकून म्हणाले, "तुम्ही कंपनीत चुका शोधता म्हणालात ना? मग करायला आमच्याकडे येता का?" मग म्हणाले, "बाबुराव आठ दिवसांत परत पाहिजेत. पाण्याचा टँकरवाला त्यांच्याशिवाय कुणाला दाद देत नाही." दार मी परत शिकवलं. बाबा उद्या सकाळी शिवाजीनगरहून निघतील, मी आणि आई शुक्रवारी. पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. दार दुसऱ्या खेपेला शिकलं, एवढंच त्यांना माहीत आहे. बाकीचं कृपा करून सांगू नका. आणि ते एसटीतून उतरल्याबरोबर त्यांचा चेहरा बघून मला फोन करा. बाबा वाचतात, पण अक्षर अक्षर लावून. आणि मेहकरपर्यंत दहा तास आहेत. पाकीट मी दोनदा चिकटवलं होतं, एवढं लिहायला परत उघडलं. आत्ताच ते विचारून गेले, डिंक वाळला का म्हणून.