हुलग्याच्या पायाचं मलम

सुपा, ता. पारनेर
१९ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरीस,

अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडीनं तुझ्या आईचा गुडघा बोलतो, तेवढंच. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आपला ड्रायव्हर गहिनीनाथ याच्या टेम्पोबरोबर ही चिठ्ठी आणि एक डबी नाशिकला पाठवतो आहे. डबी परत पाठवू नकोस. ती कितीला पडली ते आधी ऐक.

भंडारदऱ्याकडून आणलेलं पाव किलो मधाच्या पोळ्याचं मेण, दोनशे रुपये. घाण्याचं खोबरेल अर्धा लिटर, दोनशे चाळीस. तुझ्या आईचं दूध तापवायचं पातेलं, त्यात मेण सांडलं, ते आता दुधाच्या कामाचं राहिलं नाही. माझा अख्खा शनिवार. वर तिची बोलणी, ती फुकट. एवढ्यात सात डब्या झाल्या. दुकानात याहून स्वस्त मिळालं असतं, पण तुझ्या कुत्र्याच्या पायाला दुकानातलं लावायला मन होईना.

हुलग्याचे पंजे थंडीनं फुटले. मला ते बघावं नाही लागलं. फरशीवर त्याची नखं कशी टकटक वाजतात माहीत आहे ना? दहा दिवसांमागे चौथी टक येईनाशी झाली. मी खाटेवरूनच म्हटलं, मागचा डावा. उचलून पाहिला तर पंजाच्या गादीला ही भेग! रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी चहा पिता पिता सांगतो, तिथं कुत्र्याचा पाय काय अवघड.

कृती लिहून ठेव. एक भाग मेण, दोन भाग तेल. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात स्टीलचा डबा ठेवून मेण विरघळवायचं. थेट आचेवर नाही. कापूर, वास काही घालायचं नाही, कुत्रं चाटणारच. तुझी आजी कडूबाई ऊसतोडीला असताना पाचटाच्या कोपीत हेच करायची, आमच्या सगळ्यांच्या टाचांसाठी. दवाखान्यातल्या तुझ्या ड्युटीत आठ-आठ तास उभं राहावं लागतं, तुझ्याही टाचा फुटत असतील. रात्री लाव आणि वर मोजे घाल.

हुलगा लावताना जरा कुरकुरला. लाडावलाय.

तू पुढच्या महिन्यात त्याला न्यायला येणार, असं आईकडून कळलं. एका खोलीत त्याला कोंडणार का, याचा विचार कर. इथं त्याला अंगण आहे, मी आहे. दिवाळीचं मनात धरू नकोस. माझ्या पायातली चप्पल निसटलेली मला कळली नाही म्हणून तू डोळे मिटायला लावलेस, स्पर्श कळतो का ते बघायला तळव्यांना दहा ठिकाणी नायलॉनचा दोरा टेकवलास. दहाही वेळा मी बरोबर सांगितलं. तरी तू म्हणालीस, "अण्णा, शुगर तपासा." मग मी ड्रायव्हरांसमोर जे बोललो ते बोललो. पण पास झालेल्या माणसाची पुन्हा परीक्षा कोण घेतं?

येशील तेव्हा नगरच्या स्टँडवर मी स्वतः गाडी घेऊन येईन. तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, एक ओरखडा नाही.

तुझा,
अण्णा


सुपा
२ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तू माझ्या चिठ्ठीला उत्तर दिलं नाहीस, आईला एका ओळीचा मेसेज केलास: "हुलग्याच्या पंजाचा फोटो पाठव." माझीच लेक. फोटो मी आईला पाठवू दिला नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे.

हुलगा कुरकुरला नव्हता. किंचाळला होता.

तुझी आजी मलम भेगेत गरमच सोडायची, म्हणजे ते आतपर्यंत जातं. आम्ही भावंडं चुलीपुढं ओळीनं पाय पसरून बसायचो. पण आधी ती एक थेंब स्वतःच्या पावलावर टाकायची. तिला सोसला तरच आमच्या पायाला. मीही तसंच केलं. डब्यातून चमचा काढला, थेंब पावलावर टाकला. काही वाटलं नाही. दुसरा टाकला. म्हटलं, निवलंय. आणि चमचाभर हुलग्याच्या भेगेत सोडलं.

तुझी आई धावत बाहेर आली. "काय केलं वं त्याला?"

"काय न्हाई. लई लाडावलंय."

"आसं वरडतंय व्हय लाडानं?"

तो खाटेखाली शिरला तो बाहेर येईना. संध्याकाळी मी पाय धुवायला बसलो, तेव्हा तिनं तांब्या खाली ठेवला. "आवं, पाय भाजलाय तुमचा!" पाहिलं तर पावलावर दोन फोड, टपोरे, दोन थेंबांचे दोन. तुला पहिली चिठ्ठी लिहिली तेव्हा त्यातला एक फुटून वाहत होता. मी पायात मोजा चढवला आणि तुला पाककृती लिहिली.

आता दिवाळीचं. तुझ्या हातात त्या दिवशी हिरव्या बांगड्या होत्या. दोरा टेकवायला तू हात खाली नेलास की त्या सरकायच्या. आवाज आला की मी "हां" म्हणायचो. दोन वेळा तू मुद्दाम बराच वेळ थांबलीस, बांगड्या गप्प, मीही गप्प. तुला वाटलं, अण्णांना खरंच कळतंय. पायाला काही कळत नव्हतं, बाई. कान परीक्षा देत होते.

का केलं, असं विचारशील. चार माणसं माझ्याकडं गाडी कशी चालवायची ते शिकायला येतात. सहा टेम्पो मी या पायांवर उभे केले. ते पाय आता माझे राहिले नाहीत, हे लेकीच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती. तुला चारचौघांत बोललो, ते त्यासाठी. तुझी चूक नव्हती, हेही त्याच वेळी कळत होतं.

परवा नगरला दवाखान्यात जाऊन आलो. शुगर तीनशे दहा. पंकजा नावाच्या सिस्टरनं तोच दोरा टेकवला, हातात रबरी मोजे, आवाज नाही. दहापैकी तीन. फोडाची जखम वेळेत दाखवली म्हणून पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आता रोज ड्रेसिंग, गोळ्या, आणि तुझ्या आईचा पहारा. भाकरी मोजून.

हुलग्याला पारनेरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली होती, ती सुटली. पंजा भरून आलाय, चारही टका वाजतात. मात्र माझ्या हातात चमचा दिसला की तो पाय पोटाखाली ओढतो. जेवताना आता मी आमटीला चमचा घेत नाही, वाटीच तोंडाला लावतो. आई हसते.

मलम मात्र चांगलंच आहे, यावर मी अजूनही ठाम आहे. पूर्ण थिजू द्यायचं आणि बोटानं चोळायचं, एवढाच फरक. नवा घाणा केला तो तुझ्या आईनं मनगटावर पाहिला. हुलगा तिच्याकडून लावून घेतो. पाय स्वतःहून पुढं करतो.

त्याला न्यायचं तर ने. खोलीला अंगण नाही वगैरे मी लिहिलं होतं, ते खोडून टाक. रोज संध्याकाळी तो नसेल तर घर मला फार शांत वाटेल, म्हणून लिहिलं होतं. ज्याचा पाय मी भाजला त्याच्यावर मी हक्क सांगू शकत नाही. तुझ्यावरही नाही. पण न्यायला तू स्वतः ये, कुणाला पाठवू नकोस. आणि दोन दिवस राहा. जे तुला ड्रायव्हरांसमोर बोललो, ते त्यांच्याच समोर परत घ्यायचं आहे. गहिनीनाथाला मी तसं सांगून ठेवलंय, म्हणजे ऐन वेळी मला मागं फिरता येणार नाही.

वाट बघणारा,
अण्णा

ता. क. स्टँडवर तुला घ्यायला गहिनीनाथ येईल. डॉक्टरांनी माझं गाडी चालवणं बंद केलंय. पाय ब्रेकवर आहे की नाही, हे मला खाली वाकून बघावं लागतं.