सिस्टर फिलोमिनांची बदली

खराळवाडी, पिंपरी
१८ एप्रिल १९७४

ती. सुमनताईस,
भिमाजीचा सप्रेम जय भीम वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. आपल्या संघमित्रेच्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांची बदली झाली. पुण्याच्या मोठ्या मदरचा हुकूम आलाय, मेअखेर नाशिकला जायचं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये ही शाळा काढली, तेव्हा कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून बाक आम्हीच ठोकले होते.

गावची शाळा आठवते ना तुला? आपण दोघं दाराबाहेरच्या पायरीवर बसून शिकलो. माझ्या पोरीला सिस्टरांनी पहिल्याच दिवशी हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. जात विचारली नाही, जेवलीस का एवढंच विचारलं. उद्या दुसरी कोणी येईल आणि तिला मागं ढकलेल, या भीतीनं मला घास उतरत नाही.

म्हणून आम्ही पालकांनी युनियनच्या रिवाजाप्रमाणे मदरला मागणीपत्रच धाडलंय. बदली रद्द करा, नाहीतर जूनपासून पोरांचा संप! बासष्ट सह्या आहेत, त्यांत बरेच अंगठे.

भावजींना जय भीम. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
भिमाजी

सोलापूर
२५ एप्रिल १९७४

चि. भिमाजीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे भावजी पत्र वाचून खो खो हसले. म्हणाले, मेव्हणा बोनससाठी भांडता भांडता आता देवाच्या माणसांशीही भांडायला लागला. मला मात्र ती पायरी आठवली आणि रडू आलं.

पण बाबा, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं करू नकोस. जिच्यासाठी संप, तिला विचारलंस का? तुमच्या हट्टापायी त्या बाईचीच मान खाली जायची. आधी जाऊन विचार.

माझ्या भावजयीसाठी, सरूसाठी, शेंगाचटणी पाठवतेय, तू एकटा फस्त करू नकोस.
तुझी,
ताई

खराळवाडी, पिंपरी
१२ जून १९७४

ती. ताईस,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझंच खरं. सिस्टरांना आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. गेलो, तर आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, की त्यांनी आज्ञा पाळायचं व्रत घेतलंय, संप केलात तर ते मोडेल. मी मनातली भीती बोलून दाखवली. त्यावर म्हणाल्या, की बाक तुम्ही ठोकलेत, त्यावरून पोरीला उठवणार कोण? आणि उठवलंच, तर तेव्हा खुशाल संप करा. मात्र माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर नव्या सिस्टरला घ्यायला स्टेशनवर जा.

मग आम्ही मागणीपत्र मागं घेतलं. त्या गेल्या त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्ट बुडवली. पोरांसारखा रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

परवा आम्ही चौघं स्टेशनवर गेलो. नव्या सिस्टर बेनेडिक्टा अगदी कोवळ्या, बरोबर एक पत्र्याची ट्रंक. आमच्या मागणीपत्राची गोष्ट त्यांच्याही कानावर गेलेली. घाबरत घाबरत विचारलं, की मी आवडले नाही तर तुम्ही संप करणार का? मी ट्रंक डोक्यावर घेतली आणि म्हणालो, सिस्टर, आमच्यात कुणी आलं म्हणून संप करत नाहीत. तुम्ही जायला निघालात, की करू.

तुझा,
भिमाजी