दुसरा गिअर पडत नाही

६ मे, बुध.
आज परत तोच आवाज. आबा सकाळी ट्रॅक्टर (ट्रॅ.) घेऊन खालच्या वावरात गेले. दुसरा गिअर टाकताना असा कर्रर्र झाला की इथे ओट्यावर मी शिलाई मशीनवर बसले होते तिथपर्यंत ऐकू आला. टाका चुकला. सासऱ्यांच्या ट्रॅ.पायी सरपंचीणबाईंचं ब्लाऊज उसवावं लागलं. तीनदा खरखर, मग एकदाचा पडला.

जेवताना हे म्हणाले, विकून टाकू. अठरा वर्षांचा झाला. भाड्याने मोठा बोलावला तर तासात काम. हे सकाळी चाळीसगावला दुकानात जातात, दिवेलागणीला येतात, वावर बघतात रविवारी. आबांचा घास तसाच हातात राहिला. बैल गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या छोट्या ट्रॅ.वर जातो, तो गेला तर उठून जायचं कुठे?
मी म्हटलं, आधी झालंय काय ते तरी बघू.

७ मे, गुरु.
भडगावहून प्रकाश मिस्त्री आला. गिअरपेटीचं तेल काढलं. काळं होतं, पण लोखंडाचा चुरा नाही. नवं भरलं. स्वतः बसून वावराला दोन चकरा मारल्या. चारही गिअर गुपचूप पडले.
"वहिनी, याले काहीच व्हयेल नई."
मग आबा चढले. कर्रर्र.
मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. राग आला त्या हसण्याचा. तेल तेवढं बदललंय, म्हणाला आणि गेला.

८ मे, शुक्र.
डोक्यातून जात नाही. तोच ट्रॅ., तेच वावर, तोच गिअर. मिस्त्रीला पडतो, आबांना नाही.
शिलाई मशीन बिघडली की मी आधी दोरा काढून चालवून बघते. तसंच केलं. इंजिन बंद ठेवून गिअर टाकले, सगळे पडले. इंजिन चालू करून, क्लच दाबून टाकले, तरी पडले. (अंगणापुरता चालवता येतो मला. रस्त्यावर नाही, आणि चालव असं कोणी म्हटलेलंही नाही.) मग आबांना बसवलं. बंद असताना पडतात. चालू असताना कर्रर्र.
म्हणजे पेटी चांगली. क्लच पुरता सुटत नसणार. आणि क्लच सोडवतो तो पाय.
इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. यांच्या कानावर हे गेलं तर ट्रॅ. त्याच दिवशी विकायला. आबांच्या काळजीपोटीच, मान्य आहे. तरी.

१० मे, रवि.
सापडलं!!
आबा चपला घालून ट्रॅ.वर कधी चढत नाहीत. लक्ष्मी आहे ती. चपला चाकाशी काढायच्या, चाकाला हात लावून कपाळाला न्यायचा, मग वर. आता या उन्हात खालचा पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून पायाखाली गोणपाट. इतकी वर्षं बघते आहे, म्हणूनच दिसलं नसणार. आज ते उतरल्यावर वाकून पाहिलं. चारपदरी घडी, बरोब्बर क्लचच्या पायट्याखाली (पेडलला इथे पायटाच म्हणतात). मिस्त्री बूट घालून चढला होता, त्याने ते बाजूला सारलं होतं. मीही चप्पल घालूनच चढले (आबांची नजर चुकवून) आणि लाथेने ढकललं होतं.
शिवणाची टेप आणून मोजलं. गोणपाटावर पायटा दीड इंच वर अडकतो.
पळत सांगायला गेले. आबा म्हणाले, "बरं."
एवढंच. मला वाटलं होतं खूश होतील. हिरमोड झाला.

११ मे, सोम.
गोणपाट काढलं. रबरी चटई कापून पायटा सोडून बाकी जागेवर पसरली, तळव्याला चटका नको. छान बसली अगदी. आबा चढले.
कर्रर्र. थोडा कमी, पण आहेच.
आता मात्र माझी मती गुंग.

१३ मे, बुध.
बांधावर बसून नुसतं बघत राहिले. ट्रॅ.कडे नाही, आबांकडे. दुसरा टाकायच्या आधी ते सीटवर पुढे सरकतात. ओठ आत घेतात. डावा पाय खाली जातो, जातो, आणि शेवटची दोन बोटं उरली की थांबतो. तिथेच थरथरतो.
पाणी घेऊन गेले. विचारलं, "आबा, तुम्हना गुडघा दुखस का?"
आधी तांब्या रिकामा केला. मग म्हणाले, "ते गोणपाट चटकाकरता नव्हतं, बेटा. पाय पुरा खाले जास नई. खाले काही ऱ्हायनं म्हणजे टेकस. नईतं थरथरस."
आणि तांब्या परत देताना, "त्याले सांगू नको." त्याले म्हणजे यांना.
फार वाईट वाटलं. शरमही वाटली. दोन दिवस टेप घेऊन नाचत होते मी, आणि या माणसाने आपला टेकू मुकाट्याने काढू दिला.

१५ मे, शुक्र.
मिस्त्रीला फोन. आडून आडून विचारलं, पायटा अर्धवट दाबला तरी क्लच सुटेल, असं काही करता येतं का? येतं म्हणाला. पायट्याला सुरुवातीचा इंचभर मोकळा खेळ असतो, त्यात नुसता पाय खाली जातो, काम काही होत नाही. खालच्या सळईवरचा नट फिरवला की तो खेळ कमी होतो, क्लच लवकर सुटतो.
"पण जास्त आवळं तं पाय काढावर बी क्लच पुरा बसत नई. प्लेट घासाई घासाई जळी जाई."
म्हणजे आबांच्या गुडघ्याचा भार क्लचच्या प्लेटवर टाकायचा.
यांनी विचारलं, सापडला का दोष? म्हटलं, शोधतेय. खोटं नाही. खरंही नाही. ब्रेकचा पाय उजवा आणि तो ठणठणीत आहे, हे मनाशी दहा वेळा घोकलं.

१६ मे, शनि.
आबा दुपारी लवंडले तेव्हा पाना घेऊन ट्रॅ.खाली शिरले. नट गंजलेला, डिझेल टाकून बसले घटकाभर. दोन आटे फिरवले. टेप लावली, मोकळा खेळ इंचाचा अर्धा झाला. पदराला ग्रीस. ते निघत नाही.

१७ मे, रवि.
खालचं वावर पूर्ण. एक कर्रर्र नाही. मशीनवर बसले होते, पण शिवलं काहीच नाही, कान सगळे तिकडे.
हे घरीच होते. "सुधरला का काय हा?"
आबा उतरता उतरता म्हणाले, "त्याले काय व्हयेल व्हतं?"
मी पटकन सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

१९ मे, मंगळ.
आज आबा चहा घेऊन मशीनपाशी येऊन बसले. बशी रिकामी केली. मग माझ्याकडे न बघता, "कितला आटा फिराया?"
मी समजत होते त्यांना माहीत नाही.
"दोन," म्हटलं.
मान हलवली. बशी पालथी घातली. "अजून कितला बाकी शेतस?"
"देखीसन सांगसू."
ते वावरात गेल्यावर वाकून पाहिलं. फार तर एक, मग गुडघा आणखी अडला तरी फिरवायला काही उरत नाही. तोही प्लेटच्या जिवावर.
अजून सांगितलेलं नाही. जेवताना त्यांनी परत विचारलं नाही, उद्या वरच्या वावरात जायचं म्हणाले.