लो-पास फिल्टरच्या बाकावरून मुलीस हलवण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
इलेक्ट्रॉनिक्स विभाग,
तंत्रनिकेतन.

विषय : प्रयोगशाळेत माझी जोडीदार असलेल्या माझ्याच मुलीला दुसरा बाक देण्याबाबत, व त्या अनुषंगाने मला निदान एक कपॅसिटर निर्विवादपणे स्वतःच्या हाताने उडवू देण्याबाबत.

संदर्भ : १) प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलेली जोड्यांची यादी. २) गेल्या गुरुवारी आपण खिडकीतून पाहिलेला प्रकार.

महोदय,

खाली सही करणारी मी आपल्या विभागातील दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून शिवणकामाचा व्यवसाय सांभाळून शिकत आहे. माझी मुलगीही याच वर्गात आहे. आम्ही दोघींनी एकाच दिवशी प्रवेश घेतला. "पालकांची सही कुठंय?" असे लिपिकाने विचारले असता तिच्या अर्जावर मी सही केली, माझ्या अर्जावर कोणाची घ्यावी हे कोणालाच न कळल्याने तिने केली. आडनाव एक असल्याने हजेरीपटावर आम्ही लागोपाठ आलो आणि जोडीही आमचीच लागली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

तथापि प्रत्यक्ष कामात अडचण अशी, की मुलगी मला कशालाही हात लावू देत नाही. भोकाभोकांच्या ब्रेडबोर्डवर तारा तीच खोचते, सिग्नल जनरेटरचे बटण तीच फिरवते, ऑसिलोस्कोपच्या पडद्यासमोर तीच ठाण मांडते. "आई, तू आकडे लिहून घे," एवढेच माझ्या वाट्याला येते. बारीकातल्या बारीक सुईत मी पहिल्या झटक्यात दोरा ओवते, हे मी सांगून पाहिले. "सुईत करंट नसतो, आई," असे उत्तर मिळाले. परीक्षेत मात्र फिल्टर प्रत्येकीने एकटीने जोडून, तपासून दाखवायचा आहे. आकडे लिहून घेण्याला तेथे गुण नाहीत.

मध्यंतरी मुलीची अक्कलदाढ काढायची निघाली आणि दवाखान्याची वेळ नेमकी प्रयोगाच्या वेळी आली. मी तिला तिच्या बाबांबरोबर पाठवले व स्वतः प्रयोगशाळेत हजर झाले. आई म्हणून हे शोभले नाही, हे मान्य आहे. परंतु रस्ताभर मला हसू आवरत नव्हते.

त्या दिवशी लो-पास फिल्टर होता. कमी वारंवारतेचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा, जास्तीचा अडवायचा. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, संपले काम. मी जोडला आणि वारंवारता वाढवत गेले. पडद्यावरची लाट लहान व्हायला हवी होती. ती मोठी होत गेली! बटण मागे फिरवले, तर लाट जवळजवळ झोपलीच. प्रयोगाच्या मॅडम आल्या, वाकून त्यांनी ब्रेडबोर्ड पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, फिल्टर उत्तम झालाय. फक्त पुढच्या आठवड्याचा झालाय." दोन्ही भाग मी एकमेकांच्या जागी लावल्याने तो हाय-पास, म्हणजे नेमका उलट्या कामाचा, झाला होता. मी इतकी हसले, की स्टुलाला धरून उभे राहावे लागले. मग भागांची अदलाबदल केली, पुन्हा मोजले. लाट कोणत्या वारंवारतेला मूळच्या सत्तर टक्क्यांवर येणार, ते मी आधी गणिताने काढून ठेवले होते. ती तिथेच आली. अगदी तिथेच, महोदय! मी टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेत टाळ्या वाजवू नयेत असे फलकावर लिहिलेले नाही. हवे असल्यास लिहावे.

घरी जाऊन ही सर्व हकिकत मी मुलीला सांगितली. तिच्या तोंडात कापसाचा बोळा असल्याने तिला मध्ये बोलता आले नाही. आमच्या घरात इतका वेळ सलग बोलण्याची संधी मला पूर्वी मिळाल्याचे आठवत नाही.

बोळा निघाल्यावर मात्र परिस्थिती बिघडली. गेल्या गुरुवारी फक्त मधल्या वारंवारता पुढे सोडणारा बँडपास फिल्टर होता आणि एकच तार आम्ही दोघींनी धरली. ती म्हणाली, "सोड, काहीतरी जळेल." मी म्हणाले, "जळू दे! माझ्या हातून जळू दे!" आणि सवयीने तिच्या हातावर चापट मारली. तीही सवयीने ओरडली, "बाबांना सांगीन हं!" आपण खिडकीबाहेर उभे होता ते याच वेळी. ओढाताणीत वीजपुरवठ्याजवळचा कपॅसिटर उलटा लागला व फट्दिशी उडाला. तो कोणी उडवला यावर घरी अद्याप एकमत नाही. तो मान दोघींनाही हवा आहे.

मुलगी हे काळजीपोटी करते, हे मला कळते. मी नापास झाले तर माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागेल. परंतु पास व्हायचे तर मला माझ्या हातांनी व्हायचे आहे. त्या पहिल्या लाटेपासून माझे हात शिवताना सुद्धा बटण शोधतात. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या सदऱ्याला मी एक बटण जास्त लावले.

तरी मुलीला लांबचा, शक्यतो खांबाआडचा बाक द्यावा व मला एकटीचा ब्रेडबोर्ड द्यावा, ही कळकळीची मागणी आहे. होणारे नुकसान मी हसतमुखाने सोसेन.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र विद्यार्थिनी,
(सही)
दिनांक : अर्ज आपल्या टेबलावर पोचेल तो.

सोबत :
१) लो-पास फिल्टरचा स्वतः काढलेला आलेख.
२) हाय-पासचा आलेख (चुकून).
३) उडालेल्या कपॅसिटरचे अवशेष, पुडीत. पाहून परत मिळावेत.

जोडीदाराचे म्हणणे : माझी हरकत नाही. मात्र परीक्षेच्या आधी एक दिवस आम्हाला पुन्हा एका बाकावर बसवावे. बँडपासचा आलेख माझा अजून जमत नाही, आईचा जमतो, आणि घरी विचारले तर ती म्हणते, "तू आधी आकडे लिहून घे."
(सही, मुलगी)